मोरपिशी सूटचं पान

घमापूर, जबलपूर
९ सप्टेंबर २०२३

प्रणोती,

ज्या दुपारी तू दुकानाच्या वरच्या खोलीत तो मोरपिशी सूट घालून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाहुलीवर कपडा मेल्यासारखा दिसतो, माझाच काढ फोटो," त्या दुपारी माझं सगळं बदललं. मी तर आईनं तुरपाई केलेले सूट पोचवायला आलो होतो. कॉलेज नंतर सोडलं, पण सुटलं त्याच दिवशी. पप्पा अजून समजतात की मी गणितात अडकलो. फॅक्टरीतून येतात, जेवायला बसतात आणि ताटाकडे पाहून विचारतात, "थर्ड इयरपर्यंत चढला होता, तर उतरला काहून?" त्यांना काय सांगू? मोरपिशी सूट सांगू?

दुकानाच्या ग्रुपवर तुझे 'ओके' आणि 'पार्सल मिळालं' वाचून मन भरत नाही, आणि तिथं काका सगळंच वाचतात, शेवटी बाबा आहेत तुझे. म्हणून हा मेल. मराठीत लिहून राहिलो, सांभाळून घे. माझी मराठी घरातली आहे, शाळेतली नाही.

इथं सगळं तसंच. खाली काका गल्ल्यावर, बाहेर बडा फुहाऱ्याच्या बाजाराचा गोंगाट, वर मी आणि कॉम्प्युटर. वरचं दार उघडंच असतं. काकूंचा नियम होता नं, आपण दोघं वर काम करत असलो की दार लावायचं नाही. आता मी एकटाच आहे, तरी परवा वर आल्या आणि जाताना दाराला पुन्हा वीट टेकवून गेल्या. भूत आहे काय तुझं इथं?

दुकानाच्या साइटवर तुमच्या कॅनडाची पानं बनवून राहिलो. सूट एक, पण पानं तीन. इथलं रुपयांत, लंडनवाल्यांचं पाउंडात, तुमचं डॉलरात, मापंही ज्या त्या देशाची. प्रत्येक पानाच्या मागे लिहावं लागतं की माझी बाकीची दोन भावंडं अमुक पत्त्यावर राहतात. पण एकानंच लिहून भागत नाही. दुसऱ्यानंही उलटून सांगावं लागतं की हो, हा माझा भाऊ. नाही सांगितलं तर गूगल पहिल्याचंही ऐकत नाही. मला हे फार आवडलं.

तू जाताना स्टेशनवर म्हणाली होतीस, "परत आल्यावर बोलू." त्यावरच चाललं आहे माझं. कधी येशील?

अश्वजीत


ब्रॅम्प्टन
२० सप्टेंबर २०२३

अश्वजीत,

तुझा मेल समिधाआत्याच्या तळघरात बसून वाचला. माझी खोली इथेच आहे आणि आपल्या सूटांची खोकीही इथेच. रात्री कूस बदलली की प्लास्टिक वाजतं. सकाळी कोर्सचा वर्ग, मग पार्सलं, मग एका बेकरीत काउंटर. थंडी अजून यायची आहे म्हणे, पण मी आत्ताच दोन मोजे घालते. तरी मला इथे बरं वाटतंय. रस्त्यावरून चालताना मी कोणाची कोण, हे कुणालाच माहीत नसतं.

तुझ्या आईच्या हातचं खावंसं वाटतं. चौदा एप्रिलला तुमच्या गच्चीवरून मिरवणूक बघितली आणि मग त्यांनी जे वाढलं, तसं जेवण इथे स्वप्नात येतं. त्यांना नमस्कार सांग.

एक मागणं आहे. कॉलेज माझ्यामुळे सोडलं असं लिहू नकोस. ते माझ्या अंगावर येतं. तू परत नाव घाल ना, अजून उशीर झालेला नाही. काम तर संध्याकाळीही करता येईल.

आईच्या विटेचं वाचून हसले. ती वीट आमच्या गढा मोहल्ल्यातल्या घरातून आणलेली आहे, माहीत आहे का तुला?

प्रणोती


घमापूर
२ ऑक्टोबर २०२३

प्रणोती,

बाकी सगळ्याचं उत्तर दिलंस, 'कधी'चं नाही दिलंस. चलो, सोडून दिलं.

कॉलेजचं बोलू नको. त्या इमारतीजवळून ई-रिक्शा गेली तरी मी तोंड फिरवतो.

तुला एक सांगतो, काकांनाही सांगितलं नाही. गूगलला एकसारखी तीन पानं दिसली की तो घोटाळ्यात पडतो, यातलं खरं कोणतं? त्यासाठी पानात एक ओळ लिहिता येते की खरं पान ते, आम्ही त्याच्या नकला. तिला कॅनॉनिकल म्हणतात. आता बघ, कॅनडा आणि लंडनच्या पानांवर काकांनी दिल्लीहून मागवलेल्या मॉडेलचे फोटो आहेत. तुझा फोटो फक्त इथल्या पानावर. ती पोरगी सूट घालून अशी उभी आहे जशी बस चुकली. म्हणून मी तिन्ही देशांच्या पानांत लिहून टाकलं की खरं पान इथलं. एका मोरपिशी सूटचं नाही, तू घातलेल्या सगळ्याच सूटांचं.

आता टोरांटोत कुणी सूट शोधला तरी तूच दिसणार. साऱ्या दुनियेत खरी तू, बाकी सगळ्या नकला. लोक ताजमहाल बांधतात. मला एवढंच येतं.

अश्वजीत


ब्रॅम्प्टन
१९ नोव्हेंबर २०२३

अश्वजीत,

उत्तराला उशीर झाला. दिवाळी गेली. आत्यानं चकल्या केल्या होत्या, मी नुसती बसून होते.

ऑर्डर थांबल्या आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून कॅनडातून जवळजवळ काहीच नाही, आणि दिवाळी-लग्नांचाच तर हा हंगाम होता. तळघरात खोकी तशीच रचलेली आहेत, मी त्यांच्या मधून वाट काढून झोपायला जाते. काल बाबांचा फोन आला. रागावले नाहीत, शांत बोलले, तेच वाईट. म्हणाले, मार्चपर्यंत बघू, नाहीतर कॅनडा बंद करू, आणि मग तिथे राहून तरी काय करशील, ये परत.

तुला काही कळतंय का, कुठे बिघडलं? तू दीड महिन्यापूर्वी जे केलंस म्हणालास, त्याचा काही संबंध असेल का? मला त्यातलं कळत नाही म्हणून विचारते.

आत्याच्या ओळखीतला एक मुलगा आहे, गौरांग. मोठ्या दुकानांसाठी हेच काम करतो, देशोदेशीच्या पानांचं. रविवारी येऊन बघतो म्हणाला.

प्रणोती


घमापूर
२१ नोव्हेंबर २०२३

प्रणोती,

गौरांग कोण बे?

आपलं दुकान मी उभं केलं. वरच्या खोलीत पंख्याखाली बसून एक एक पान मी बनवलं, आणि बघायला रविवारी कोण येणार, तर गौरांग. माझ्या कामात काही बिघडलेलं नाही. थंडीत लोक सूट कमी घेत असतील. कॅनडातली माणसं आहेत, स्वेटर घेत असतील.

आणि खरं सांगू? बंद होते तर होऊ दे कॅनडा. तुझा मेल वाचला तेव्हा मी जिन्यात होतो, तिथंच बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. काका स्वतः म्हणाले, ये परत. मार्चमध्ये. मी खाली जाऊन खोव्याची जलेबी घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. काका म्हणाले, काय रे, पास झाला काय? मी म्हटलं, समजा.

तू खोक्यांची फिकर नको करू. मार्चपर्यंत दम धर.

अश्वजीत


ब्रॅम्प्टन
१० डिसेंबर २०२३

अश्वजीत,

तो हसला नाही, हे आधी सांगते.

गौरांगनं पानं उघडली, मागचं सगळं वाचलं आणि मला विचारलं, "हे कोणी केलं, आणि का?" तुझी ती ओळ. इथल्या पानांनी गूगलला सांगितलं की आम्ही नकला आहोत, तर गूगलनं त्यांना काढूनच टाकलं. आता ब्रॅम्प्टनमधली बाई सूट शोधते तेव्हा तिला जबलपूरचं पान दिसतं. किंमत रुपयांत, मापं तिकडची, आणि खाली लिहिलेलं की आम्ही फक्त भारतात पोचवतो. ती कशाला थांबेल? लंडनचंही तेच झालं आहे.

'का' त्याला सांगितलं नाही. मला माहीत होतं, तरी म्हटलं, चुकून झालं असेल. बाबांनाही हेच सांगितलंय. तुझं नाव वाईट होऊ दिलेलं नाही.

त्याचं म्हणणं, प्रत्येक पानात लिही की मी स्वतःच खरं पान आहे. भावंडांच्या खुणा तू नीट लिहिल्या आहेस म्हणाला तो. ते काम चांगलं आहे, हेही म्हणाला.

मला परत यायचं नाही, अश्वजीत. मार्चमध्ये नाही. तू जलेबी खाल्लीस ते वाचून कसंतरी झालं.

आणि माझे फोटो काढून टाक. सगळीकडचे, इथले आणि तिथले. प्लीज.

प्रणोती


घमापूर
१२ डिसेंबर २०२३

प्रणोती,

केलं दुरुस्त. कालच बसून सगळ्या पानांचं केलं. प्रत्येक पान आता स्वतःलाच खरं म्हणतं. गूगलला परत यायला काही आठवडे लागतील, मग तुमच्या बाया तुमच्या पानांवर येतील. गौरांगला सांग, त्याचं बरोबर होतं. एवढं लिहायला मला अर्धा तास लागला.

तुला यायचं नाही हे मी वाचलं. दुकान बुडत असताना कोणी परत यायचं म्हणेल काय? तू मानी आहेस. दुकान वर आणून मगच येशील. मी ओळखतो तुला.

फोटोचं मात्र कळलं. कुणी तिथं काही बोललं नं तुला? फोटो पाहून कुणी मेसेज केला? नाव सांग फक्त. फोन तर मी इथूनही करू शकतो.

कॅनडात तुझा फोटो नव्हताच. इथले बाकीचे काढले, मोरपिशीचा एकच ठेवला. तोही काढायला गेलो होतो, हात उठला नाही. मोरपिशी सूट आता कुणी घेतही नाही, फॅशन गेली. मग राहू दे नं ते पान, कुणाला काय त्रास?

अश्वजीत


ब्रॅम्प्टन
२८ जानेवारी २०२४

अश्वजीत,

ऑर्डर परत सुरू झाल्या. तळघरात आता चालायला जागा आहे. तू नीट केलंस म्हणून झालं. थँक्यू, मनापासून.

बाबा तुला एक काम सांगतील. कॅनडासाठी वेगळी साइट करायची ठरलीय, वेगळ्या पत्त्यावर. सगळी कॅनडाची पानं तिकडे वळवायची. पुढचं इकडूनच बघणार. 'आमच्याबद्दल'चं पानही नवीन लिहिलं आहे, तेही येईल.

चिडू नकोस. काम म्हणून कर. मी तुला आधी लिहायला हवं होतं, बसले होते लिहायला, दोनदा.

तुझ्या आईची तब्येत कशी आहे?

प्रणोती


घमापूर
६ फेब्रुवारी २०२४

प्रणोतीजी,

अभिनंदन.

काकांनी 'आमच्याबद्दल'चा मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवला, फोटोसकट. तू आणि गौरांग, मागे बर्फ, तुझ्या अंगावर आपल्याच दुकानाचा सूट. खाली लिहिलं आहे की कॅनडात हे दुकान प्रणोती आणि गौरांग सांभाळतात आणि मे महिन्यात ते जबलपूरला येऊन लग्न करणार आहेत. वाचून वाचून मी ते टाइप केलं. मी. गूगलला दिसावा म्हणून फोटोखाली वर्णन लिहावं लागतं, तेही मीच लिहिलं: 'प्रणोती आणि तिचा होणारा नवरा'. काम म्हणून केलं, तू सांगितलं तसं.

मेमध्ये येणार म्हणजे 'कधी'चं उत्तर मिळालं. पानावर छापून मिळालं.

मग तुझ्या गौरांगशी व्हिडिओ कॉल झाला. काका मोबाइल धरून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ये हमारा लड़का है, कंप्यूटर देखता है." तो म्हणाला, नाइस वर्क. इथल्या 'आमच्याबद्दल'वर काका आहेत, काकू आहेत, तू आहेस, गल्ल्यामागचा गणपती आहे. मी कधीच नव्हतो. ते पान मीच बनवलं होतं, पण तेव्हा लक्षात नाही आलं.

आता सगळ्यात भारी ऐक. आज सकाळी काकू मिठाईचा डबा घेऊन वर आल्या. फार गोड बोलल्या, आईची विचारपूस केली. जाताना दाराची वीट उचलली आणि म्हणाल्या, "हवा गार आहे बेटा, दार लोटून घेत जा."

तुझं लग्न ठरलं, तर माझ्याकडून आता कुणाला धोका नाही. मी दार लावलं तरी चालतं.

नाही लावलं. कुडकुडत बसलो. त्यांच्या परवानगीनं तर नाहीच लावणार.

एकच विचारतो. माझी चूक शोधायला तो तुझ्या घरी आला, होय नं? मी ती ओळ लिहिली नसती, तर तो रविवारी आला असता काय?

अश्वजीत


ब्रॅम्प्टन
९ फेब्रुवारी २०२४

अश्वजीत,

नसता आला. आत्यानं त्याचा विषय उन्हाळ्यातच काढला होता आणि मी टाळत होते. पानं बघायला म्हणून मग मीच बोलावलं. नंतर तो पानांसाठी येत नव्हता. तुला खरं हवं होतं ना.

स्टेशनवर मी 'परत आल्यावर बोलू' म्हणाले, कारण गाडी सुटायची होती आणि तू रडायच्या बेतात होतास. मला तू आवडायचास. वरच्या खोलीत आवडायचास. पण चौदा एप्रिलला मी तुमच्याकडे जेवले हे मी घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही. मैत्रिणीकडे गेले होते असं सांगितलं होतं. घरात तुझं नाव त्या अर्थानं घेतलं असतं तर काय झालं असतं ते तुलाही ठाऊक आहे, त्या विटेनं तुला रोज सांगितलंय. मी भांडले असते तर? नाही भांडले. तेवढी हिंमत नव्हती, आणि आता वाटतं, तेवढं प्रेमही नव्हतं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे, तरी लिहिते.

पण तूही ऐक. तू तीन देशांतल्या पानांना माझ्याकडे बोट दाखवायला लावलंस. मी कुठे बोट दाखवते आहे, ते एकदा तरी विचारलंस? 'कधी येशील' एवढंच विचारत राहिलास. येणार की नाही, हे नाही विचारलंस. तूच तर शिकवलं होतंस की एकानं लिहून भागत नाही.

बाबा तुला काढणार नाहीत. राहा. नाहीतर कॉलेजला जा. माझ्यासाठी काही करू नकोस.

प्रणोती


बडा फुहारा
१८ फेब्रुवारी २०२४

प्रणोती,

तू लिहिलंस ते बरोबर आहे, आणि मला ते आवडलं नाही. दोन्ही.

मला वाटायचं, तुला हिंमत नाही म्हणून मी दोघांची हिंमत धरून बसायचं. तू घरी मैत्रिणीचं नाव सांगून आली होतीस हे आईला माहीत होतं. त्याच दिवशी समजली होती ती. मला आत्ता सांगते. म्हणाली, पोरगी गच्चीवरही मागेच उभी होती आणि जेवताना खिडकीपासून लांब बसली होती, रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो, मला नाही दिसलं. मला तू जेवताना दिसत होतीस.

आज कॅनडाचं काम संपवलं. सगळी पानं नव्या पत्त्यावर वळवली, कायमची. जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर त्याला कळतही नाही, तो थेट तुमच्या दारात उतरतो. भावंडांच्या खुणा नव्या पत्त्यानं पुन्हा लिहिल्या आणि एक एक पान उघडून तपासलं. कुणी म्हणू नये की लड़क्यानं जाताना घाण केली.

घाण करायची इच्छा झाली होती, लपवत नाही. एक ओळ असते. ती लिहिली की दुकान शोधातून जातं, तिन्ही देशांतून, हळूहळू, आणि काकांना कळेपर्यंत सीझन निघून जातो. लिहिली होती. नुसतं सेव्ह करायचं बाकी होतं. तेवढ्यात आई खाली तुरपाईचे सूट घेऊन आली. काकांना आवाज देऊन म्हणाली, "भाऊजी, हे घ्या, मोजून घ्या," आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मला विचारलं, जेवला काय? मी ओळ पुसली. काकांसाठी नाही पुसली. तुझ्यासाठी तर नाहीच.

मोरपिशी सूटचं पान मात्र तुला दिलं नाही. आणि ठेवलंही नाही. पान हरवलं असलं तर गूगल पुन्हा पुन्हा येऊन बघतो, आलं काय, आलं काय. मी तसा होतो. पण त्याला सरळही सांगता येतं की इथं पान होतं, आता नाही, मुद्दाम काढलं, परत शोधायला येऊ नको. तसं सांगितलं. फोटो कॉम्प्युटरमधून काढला आणि माझ्या फोनमधूनही. सगळीकडचे काढ म्हणाली होतीस नं? निघाले.

काकांना पासवर्ड लिहून दिले. ते म्हणाले, "अरे, चाललास कुठे? गौरांगची माणसं काही विचारतील तर?" मी म्हटलं, "काका, सगळं पानांत लिहिलेलं आहे. वाचता आलं पाहिजे." त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाले, कल बात करते हैं. मी म्हटलं, नाही करत.

कॉलेजचं मला माहीत नाही. पप्पांना आज खरं सांगणार आहे, एवढं ठरवलं. मारतील तर मारतील.

इथपर्यंत वर बसून लिहिलं. पुढचं जिन्यात उभा राहून फोनवर लिहितो. काकू समोरून वर येऊन राहिल्या होत्या, हातात चहा होता. मला पाहून दोन पायऱ्या खालीच थांबल्या. मी खोलीतून बाहेर आलो, कडी धरली आणि दार ओढलं. उघडं राहून राहून फुगलं आहे ते, खाली घासतं. खांदा लावावा लागला.

लागलं.